किडनी दुखत नाही, लघवी सांगते

किडनीच्या आजारांबद्दल काय विचारायचंय ते कळवा, असं गेल्या महिन्यात या सदरात लिहिलं होतं. पत्रं आली, फोनवरचे संदेश आले, काहींनी तर रिपोर्टचे फोटोच पाठवले. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले आणि ज्यांचं उत्तर दुसऱ्यांच्याही उपयोगी पडेल, ते घेतले आहेत. नावं गाळली आहेत, गाव आणि वय तेवढं ठेवलं आहे.

ओपीडीत मला रोज एक वाक्य ऐकावं लागतं : "डॉक्टर, पण मला तर काहीच त्रास नव्हता." ते खरंच असतं. म्हणूनच पहिला प्रश्न कागलच्या ताईंचा घेतो.

प्रश्न : माझं वय ५२. अकरा वर्षांपासून शुगर आहे. परवा क्रिएटिनिन १.१ आलं. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच्या आत आहे. तरी आमचे डॉक्टर लघवीची आणखी एक तपासणी सांगतात. लघवीचा काही त्रास नसताना हा खर्च कशाला? (कागल)

ताई, ही तपासणी कराच, आणि पुढे ढकलू नका. तुमच्या डॉक्टरांनी अगदी नेमकं सांगितलं आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. पण ज्याचे स्नायू जास्त, त्याच्या अंगात तो तयारही जास्त होतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तालमीतल्या बावीस वर्षांच्या पोराचं क्रिएटिनिन १.१ असेल तर त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ९५ च्या पुढे निघते. तोच १.१ तुमच्या वयाच्या बाईचा असेल तर ईजीएफआर जेमतेम ६० भरतो. कागदावर दोघंही 'नॉर्मल'! म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढ्यावरून तो काढता येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या त्यांचं काम उचलतात. शेजारच्या म्हाताऱ्याचं रान भावकीनं कसून द्यावं तसं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. निम्म्या गाळण्या गेल्या तरी क्रिएटिनिन लॅबच्या रेषेच्या आत राहू शकतं.

लघवी मात्र आधी सांगते. शुगरमुळे गाळणीची जाळी सैल झाली की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी हीच : लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, लॅबमध्ये 'एसीआर' म्हणतात. ते ३० च्या खाली असावं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. लघवीची नेहमीची रुटीन तपासणी ही सुरुवातीची बारीक गळती पकडू शकत नाही, म्हणून 'रुटीन केली होती, बरी आली' यावर समाधान मानू नका. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा पाळी चालू असताना देऊ नका. जास्त आलं तर लगेच घाबरायचं नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन जास्त आले तरच निदान पक्कं.

मोठेपणी लागणारा मधुमेह ज्यांना आहे त्यांनी ही तपासणी मधुमेह कळला त्याच वर्षी आणि नंतर दरवर्षी करायची असते. तुमची अकरा वर्षांत एकदाही झालेली नाही. यात तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. पण एसीआर १५० असताना आलेल्या माणसासाठी मी जे करू शकतो, ते सूज घेऊन, धाप लागून आलेल्या माणसासाठी करू शकत नाही. काहीशे रुपयांची तपासणी आहे. दिवाळीच्या एका साडीच्या पदराएवढेही पैसे लागत नाहीत.

प्रश्न : वय ५८, शेती. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केली आणि तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.६ चं १.८ झालं. गोळीनं किडनी खराब होते असं गावात सांगतात, म्हणून बंद केली. आता गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळी आणून खातो, तिनं बरं वाटतं. पुढे काय करू? (शिरोळ तालुका)

काका, राखणारी गोळी तुम्ही थांबवलीत आणि मारणारी चालू ठेवलीत. रागावून म्हणत नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच झालेलं असतं.

तुम्ही दारं धरणारे, तेव्हा पाटाच्या पाण्यावरून सांगतो. किडनीच्या प्रत्येक गाळणीत एका बाजूनं रक्त आणणारी बारीक नळी असते, दुसऱ्या बाजूनं नेणारी. शुगर आणि बीपीमुळे गाळणीतला दाब वाढतो, आणि जास्त दाबानं पाणी सोडलं की वाफ्याचा बांध फुटतो तशी जाळी फाटत जाते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या बाहेर नेणारी नळी थोडी सैल करतात. दाब उतरतो, जाळीवरचा ताण कमी होतो. दाब उतरला म्हणजे सुरुवातीला गाळणंही थोडं कमी होणार, म्हणून क्रिएटिनिन जरा चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. तुमच्या १.६ वर ती २ च्या जरा पुढे जाते, तुमचं १.८ आहे. म्हणजे गोळी तिचं काम करत होती. ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं ते एवढ्यासाठीच. वाढ त्याहून जास्त असेल किंवा पोटॅशियम चढलं असेल, तर डोस बदलायचा की गोळी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील. गावानं ठरवायचं नाही.

आता गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकीच एखादी असणार. या गोळ्या रक्त आणणारी नळी आवळतात. वरून पाणीच कमी सोडलं तर शेवटच्या वाफ्यापर्यंत काय पोचणार? धडधाकट माणसाला दोन-चार दिवसांत सहसा काही होत नाही. पण क्रिएटिनिन १.८ म्हणजे तुमच्या वयात ईजीएफआर ४३ च्या आसपास. त्यात बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामक असं त्रिकूट एकत्र आलं, वर एखाद दिवशी जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं, की दोन दिवसांत किडनी बसल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, डॉक्टरांना विचारून. शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन थोडं कमी करणं, यांचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. मेडिकलमध्ये मात्र 'दुखण्याची एक पट्टी द्या' हे वाक्य कायमचं सोडा.

डॉक्टरांना आणखी एका औषधाबद्दल विचारा : डापाग्लिफ्लोझिन. मुळात शुगरचं औषध. २०२० मध्ये डापा-सीकेडी नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४,३०४ किडनीरुग्ण त्यात होते, शुगर असलेले आणि नसलेलेही. किडनी झपाट्यानं ढासळणं, निकामी होणं, किडनी वा हृदयाच्या आजारानं मृत्यू, हा सगळा धोका मिळून या गोळीनं ३९ टक्क्यांनी कमी झाला. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत आमच्या शाखेत इतकी आनंदाची बातमी क्वचितच आली असेल. २०२० मध्येच आपल्याकडे तिचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्या ती बनवू लागल्या आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. लघवीच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते, तेव्हा स्वच्छता सांभाळावी लागते. उलट्या-जुलाब होत असताना किंवा उपाशीपोटी ऑपरेशन असेल तेव्हा ही गोळी आणि टेल्मिसार्टन दोन्ही डॉक्टरांना विचारून तात्पुरत्या थांबवायच्या असतात. खाणंपिणं नीट सुरू झालं की पुन्हा सुरू करायच्या, हे बरेच जण विसरतात.

बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं. मशीन घरी घ्या आणि वही घाला.

प्रश्न : वय २२. तालमीत आहे. एका शिबिरात तपासणी झाली, क्रिएटिनिन १.४ आलं आणि 'किडनीच्या डॉक्टरला दाखव' म्हणाले. दूध, बदाम, मटण, पावडर सगळं चालू आहे. कुस्ती सोडावी लागेल का? (कोल्हापूर)

नाही, पोरा. निदान या एका आकड्यावरून तरी नाही.

तुझे स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिन जास्त. तपासणीच्या आदल्या दिवशी भरपूर मटण झालं असेल किंवा कसून मेहनत केली असेल तर ते आणखी चढतं. आणि डब्यावर 'क्रिएटिन' लिहिलेली पावडर घेत असशील, तर त्याचंच पुढे क्रिएटिनिन होतं. पावडर दोन आठवडे बंद ठेव, दोन दिवस मेहनत हलकी कर, मग तीन गोष्टी तपास : क्रिएटिनिन, लघवीचं एसीआर आणि सिस्टॅटिन-सी नावाची रक्ततपासणी. या शेवटच्या तपासणीवर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे पैलवानांच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते. सोबत बीपी आणि सोनोग्राफी. हे सगळं ठीक असेल तर तुझी किडनी ठीक आहे.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती तालमीतल्या वस्तादांनीही वाचावी. दोन-चार महिने खंड पडलेला किंवा नवा आलेला पोरगा पहिल्याच दिवशी ईर्षेनं पाचशे बैठका मारतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात, पाय उचलत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. हे नुसतं अंग आंबणं नव्हे. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीच्या नळ्या तुंबवतं. वैद्यकात याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सीपीके नावाची रक्ततपासणी हजारोंत, कधी लाखातही जाते. वेळेत सलाईन दिलं तर बहुतेक जण डायलिसिसशिवाय सुटतात. वेदनेची गोळी खाऊन झोपून राहिले तर अडचण होते. काळी लघवी दिसली की त्याच दिवशी दवाखाना. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं त्या गावात एवढं प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मिस्टरांचा ईजीएफआर ३८ आहे, पोटॅशियम ५.४. प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं शहाळं द्या, कुणी म्हणतं पाणी भरपूर प्यायला द्या म्हणजे किडनी धुऊन निघते, कुणी डाळ बंद करा म्हणतं. आमच्या घरात मटणाशिवाय रविवार जात नाही. नेमकं काय शिजवू? (कोल्हापूर)

वहिनी, सगळ्यात आधी शहाळं थांबवा. आजाऱ्याला शहाळं न्यायची आपली रीत चांगल्या मनाची आहे. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि त्यांचं ते आधीच चढलेलं आहे. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते आधी सांगून येत नाही. फळांचे रस, उसाचा रस, गूळ घालून केलेले पदार्थ, सुकामेवा, केळी, टोमॅटोची दाट ग्रेव्ही, हे सध्या बंद किंवा अगदी थोडं. गुळाच्या गावात हे सांगायला जड जातं, पण साखरेपेक्षा गूळ 'औषधी' म्हणून त्यांना देऊ नका. सफरचंद, पेरू, पपई यांपैकी एखादी छोटी वाटी चालते. बटाटा, रताळं, पालेभाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, मग फोडणी टाका. पोटॅशियमचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. आणि कमरख किंवा करमळ नावाचं पाचधारी आंबट फळ किडनीच्या रुग्णानं कधीही खाऊ नये. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकली नाही की मेंदूवर चढतं, उचक्या लागतात, झटके येतात.

मीठ. खरा शत्रू हा. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, आणि तो अख्ख्या दिवसाच्या सगळ्या पदार्थांत मिळून. आपल्याकडे मीठ भाजीपेक्षा बाजूनं जास्त जातं : खरडा, लोणचं, पापड, मिसळीवरचं फरसाण, चटणी. तांबड्याचा तिखटपणा किडनीला काही करत नाही. रश्श्यातलं मीठ करतं. शिवाय पांढऱ्या रश्श्यात मटणाचं सूप आणि नारळाचं दूध दोन्ही असतं, तेव्हा वाट्यावर वाट्या नकोत. रविवारी त्यांना दोन-तीन छोट्या फोडी, रस्सा थोडा, मीठ कमी, इतपत द्या. मी माणसाचं जेवण काढून घ्यायच्या बाजूचा नाही. जेवण तुटलं की माणूस पथ्यही तोडतो. 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ मात्र आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

डाळ बंद करू नका. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम हवीत. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅमच्या आसपास. त्याहून खूप कमी केलं तर स्नायू झडतात, अंगावर सूज येते, आणि स्नायू झडल्यामुळे क्रिएटिनिन 'कमी' आलं म्हणून घरचे खूश होतात. डायलिसिस सुरू झालेल्यांना उलट जास्त लागतात, १ ते १.२ ग्रॅम. कट्ट्यावर जाऊन म्हशीचं ताजं दूध ग्लासभर पिणं हा आपल्या गावचा आनंद आहे. पण फॉस्फरस वाढलेला असेल तर तो ग्लास अर्ध्यावर आणावा लागतो. त्यांचा फॉस्फरस तपासलाय का, ते रिपोर्टमध्ये बघा.

पाण्यानं किडनी धुऊन निघत नाही. लघवी चांगली होत असेल आणि सूज नसेल तर तहानेप्रमाणे प्यायचं. सूज, धाप किंवा लघवी कमी असेल तर डॉक्टर माप ठरवून देतात, आणि ते माप चहा-ताक-आमटी धरून असतं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. सकाळी उठला की डोळे सुजलेले, दोन आठवड्यांत पोट आणि पायही सुजले. लघवीत प्रोटीन चार प्लस. डॉक्टर स्टेरॉइड म्हणतात. एवढ्या लहान जिवाला? (गडहिंग्लज)

हो, द्या. याचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे गाळण्यांतून प्रोटीन गळून अंगावर सूज येणं. तुमच्या मुलाच्या वयात तो बहुतेक वेळा स्टेरॉइडला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचा असतो, आणि शंभरातल्या ऐंशीहून जास्त मुलांची लघवी स्वच्छ होते. पहिला कोर्स साधारण बारा आठवड्यांचा असतो. आधी रोज, मग एक दिवसाआड. तोंड गोल होईल, भूक वाढेल, चिडचिड होईल. औषध संपल्यावर ते ओसरतं. मधेच, सूज उतरली म्हणून स्वतःहून बंद मात्र करायचं नाही.

हा आजार बऱ्याच मुलांत उलटतो, विशेषतः सर्दी-तापानंतर. तो घरीच ओळखता येतो. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली, आणि सूज किडनीमुळे येते हे त्यांनी दाखवून दिलं. आज त्यासाठी पट्टी मिळते, सकाळच्या लघवीत बुडवून रंग बघायचा. रोजची नोंद एका वहीत ठेवा. सलग तीन दिवस तीन प्लस किंवा जास्त आलं तर सूज यायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. लसी घेताना डॉक्टरांना विचारा, काही लसी स्टेरॉइड चालू असताना द्यायच्या नसतात. ताप आणि पोटात दुखणं एकदम आलं तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : वय २९, यंत्रमागावर काम. घसा धरला की लघवी लाल होते. आता प्रोटीनही जातं. डॉक्टर किडनीचा तुकडा काढून तपासायचा म्हणतात. तुकडा काढल्यावर किडनी अधू होणार नाही का? (इचलकरंजी)

'तुकडा' हा शब्द आम्ही डॉक्टरांनीच वापरायला नको होता, ऐकूनच माणूस हबकतो. बायोप्सीत पेन्सिलच्या शिशाहून बारीक, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे दोन धागे निघतात. पालथं झोपवून, पाठीची तेवढीच जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई घालतात. काम अर्ध्या तासाचं, नंतर काही तास उताणं पडून राहायचं, बहुधा एक रात्र दवाखान्यात. दहा लाख गाळण्यांपैकी वीस-पंचवीस जातात, किडनीला त्याचा पत्ताही लागत नाही. धोका रक्तस्रावाचा. म्हणून आधी बीपी आटोक्यात आणतात, रक्त गोठण्याची तपासणी करतात आणि अॅस्पिरिनसारख्या गोळ्या थांबवतात.

तुमच्या लक्षणांवरून आयजीए नेफ्रोपथीचा, म्हणजे आयजीए नावाची प्रतिद्रव्यं गाळण्यांत साठून होणाऱ्या आजाराचा संशय येतो. पण संशयावर कुणी महिनोन्महिने तगडी औषधं देऊ नयेत. लाल लघवी आणि प्रोटीन यांमागे पाच-सहा वेगवेगळे आजार असू शकतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कधी कधी तर औषध न देता नुसतं बीपी सांभाळणंच योग्य ठरतं. हे सुईशिवाय कळत नाही. करून घ्या.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून जनावरं काढताना काकांच्या पायाला जखम होती. आठवड्यानं ताप, पिंढऱ्या ठणकल्या, डोळे पिवळे, लघवी बंद. चार डायलिसिस झाली. पाहुणे म्हणतात एकदा डायलिसिस लागलं की जन्माचं लागतं. (प्रयाग चिखली)

पाहुण्यांना सांगा की तसं नाही.

किडनी हळूहळू वर्षानुवर्षं जाते तो एक प्रकार, आणि एकाएकी बसते तो वेगळा. काकांचं चित्र लेप्टोस्पायरोसिसचं दिसतं. उंदीर आणि जनावरांच्या मुतातले जंतू पुराच्या पाण्यातून जखमेवाटे शिरतात. यात बसलेली किडनी बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत उठते. तोपर्यंत डायलिसिस हा आधार असतो, फ्रॅक्चरला प्लास्टर घालतात तसा. सवय लागण्याचा प्रश्नच नाही. लघवी वाढायला लागली की डायलिसिस सुटेल. त्यानंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासा, कारण एकदा बसलेली किडनी पुढे जपावी लागते.

२०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा सगळे घर-जनावरं हलवायच्या मागे असतात, जखमेकडे कोण बघणार? तरी गमबूट घाला, जखम झाकून घ्या, आणि पाण्यात उतरावं लागणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिन या जंतुनाशक गोळीबद्दल विचारा. धोक्याच्या काळात आठवड्याला २०० मिलिग्रॅम दिली जाते. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती देत नाहीत. उसाच्या रानातली घोणस चावली तरी किडनी अशीच बसते. तिथे मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास किडनीच्या खात्यातून जातो. प्रतिसर्पविष लवकर मिळणं हाच उपचार.

प्रश्न : ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. टोळीत दोघांना मुतखडा झाला. एकानं बिअर प्यायला सुरुवात केलीय. (राधानगरी तालुका)

बिअर बंद करायला सांगा. तात्पुरती लघवी वाढते, पण मागून अंग कोरडं पडतं. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेकदा आपोआप पडतो. मोठ्यासाठी युरॉलॉजिस्ट म्हणजे मूत्रमार्गाचे सर्जन लागतात, माझं काम औषधांचं. खड्याबरोबर थंडी-ताप आला तर रात्र काढू नका, तुंबलेल्या किडनीत पू होतो. दूध-दही सोडू नका, मीठ कमी करा, आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी हवं.

पण मुकादम, तुमच्या हातात याहून मोठी गोष्ट आहे. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये, ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या शुगर-बीपी नसताना निकामी झाल्या, हजारोंच्या संख्येनं. उन्हातलं अंगमोड काम आणि पाण्याचा तुटवडा हे तिथलं मोठं कारण मानलं जातं. मग काही कारखान्यांनी पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती सुरू केली आणि किडनीला होणारी इजा कमी झाल्याचं दिसलं. फडावर पाण्याचं पिंप, एक ताडपत्रीची सावली, आणि मार्च-एप्रिलमध्ये भर दुपारी थांबा. बायका लघवीला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांच्यासाठी आडोसा करा. एवढं करता येईल ना?

प्रश्न : मिस्टर ४६ वर्षांचे, एक वर्ष डायलिसिसवर. मला किडनी द्यायची आहे, पण रक्तगट जुळत नाही. सासूबाई ६८ च्या, त्या देते म्हणतात. दीर दोघे आहेत, त्यांनी विषय काढला नाही. खर्चाचं कसं? (हातकणंगले तालुका)

ताई, तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. एक, अदलाबदल : तुमच्यासारख्याच दुसऱ्या जोडप्याशी, तुमची किडनी त्यांच्या माणसाला, त्यांची तुमच्या मिस्टरांना. २०११ च्या कायदादुरुस्तीनं याला परवानगी आहे. दुसरा, रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करता येतं, पण आधी रक्तातली प्रतिद्रव्यं काढावी लागतात, खर्च आणि संसर्गाचा धोका वाढतो. तिसरा, मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवणं. आपला जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो, नोंदणी मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फत होते. बाकी दोन रस्त्यांचं काहीही होवो, ही नोंदणी आजच करा, कारण रांग लांब असते.

सासूबाईंचं वय हाच एक अडसर नव्हे. पण शुगर, बीपी, दोन्ही किडन्यांचं वेगवेगळं काम, हे सगळं नीट तपासल्याशिवाय कुणी हो म्हणणार नाही. निरोगी दात्याची उरलेली किडनी हळूहळू वाढते आणि दोन्ही मिळून होतं त्याच्या साधारण ७० टक्के काम एकटी करते. दाते शेती करतात, नोकरी करतात. दात्या स्त्रिया पुढे बाळंतही होतात, फक्त गरोदरपणात बीपीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. वर्षातून एकदा बीपी, लघवी, क्रिएटिनिन मात्र आयुष्यभर.

डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं. प्रत्यारोपणालाही तीतून मदत मिळते. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा. नंतरच्या औषधांचा खर्च दरमहा आणि कायमचा असतो, तो आधीच घरात बसून मांडा.

मिस्टरांच्या ज्या हातात डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केला असेल, त्या हाताचं बीपी कुणाला घेऊ देऊ नका, त्या हातात सुई टोचू देऊ नका. प्रत्यारोपण होईपर्यंत तो हात सोन्याचा.

आणि एक गोष्ट, जी मी घरोघरी बघतो. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते, आणि भावांना कुणी विचारतच नाही. देणं हे मनापासूनच व्हायला हवं, कुणावर जबरदस्ती करायची नाही, आणि नको म्हणण्याचा हक्क तुम्हालाही आहे आणि दिरांनाही. पण त्यांना विचारलंच नाही तर ते मनात काय आहे ते कसं सांगणार? सख्ख्या भावाच्या ऊती बायकोपेक्षा जुळण्याची शक्यता जास्त असते. दोघांना माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन या. पहिल्या दिवशी फक्त रक्तगट, बीपी आणि लघवी बघू. मिस्टरांचा आजार घराण्यातला असू शकतो, म्हणून किडनी द्यायची नसली तरी ही तपासणी त्यांना हवीच आहे.